मैदान आणि कागद – लेखांक ६ : जन्मतारीख लिहिली कुणी आणि कधी?

२४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरतच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर शफाली वर्मा भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली. वय पंधरा. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या त्या टी-ट्वेंटीत तिला भोपळाही फोडता आला नाही. पण त्याच मालिकेत, त्याच मैदानावर तिने ४६ धावा ठोकल्या आणि संघातली जागा धरून ठेवली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये, वरिष्ठ संघातून तीन वर्षं खेळून झाल्यावर, ती १९ वर्षांखालील मुलींच्या संघाची कर्णधार झाली आणि विश्वचषक जिंकून आली. खरी गुणवत्ता वयोगटाच्या कुंपणाला कशी जुमानत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. आणि तरीही सुरतेतल्या, जळगावातल्या, पुण्यातल्या हजारो घरांत सगळी धडपड असते ती नेमकी त्या कुंपणाच्या आत राहण्यासाठी. गेल्या आठवड्यात आपण निवड चाचण्या कशा चालतात ते पाहिलं. चाचणीच्या रांगेत उभं राहण्याआधी मुलाच्या फाइलमध्ये जो पहिला कागद लावला जातो, त्या जन्मदाखल्याकडे आज वळू.

वयचोरी हा शब्द आता वर्तमानपत्रांत रुळला आहे. मैदानावर मात्र तो कुणी वापरत नाही. तिथे ‘वय कमी करून खेळवलं’, ‘पोरगं ओव्हरएज आहे’, ‘कागद नवे काढले’ अशी भाषा असते, आणि ती इतक्या सहज बोलली जाते की त्यात काही गैर आहे असं ऐकणाऱ्यालाही वाटू नये. व्यवहार साधा आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या वयोगट स्पर्धांसाठी त्या हंगामातल्या १ सप्टेंबरचं वय धरतात. सुरतचा मुलगा जिल्ह्याच्या संघातून गुजरातच्या १६ वर्षांखालील संघापर्यंत पोचला, तर विजय मर्चंट करंडकात त्याची गाठ मुंबई, महाराष्ट्र, बडोदा आणि सौराष्ट्राच्या मुलांशी पडू शकते. तिथून १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक आणि नशिबात असेल तर पुढे सगळंच. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर जागा मोजक्या असतात. तेरा ते पंधरा या वयात मुलांचं शरीर ज्या वेगाने बदलतं तसं पुन्हा आयुष्यात कधी बदलत नाही. उंची झपाट्याने वाढते, खांदे रुंदावतात, स्नायूंत ताकद येते. खेळपट्टी मात्र सगळ्यांना बावीस यार्डांचीच. साडेपंधराच्या मुलाने टाकलेला चेंडू साडेतेराच्या मुलाच्या छातीवर येतो तेव्हा दोघांच्या कौशल्याची तुलना होतच नाही, तुलना होते ती दोन वर्षांच्या वाढीची. निवड समितीच्या वहीत मात्र ‘वेगवान, भेदक’ एवढीच नोंद होते.

हे काही गल्लीतल्या स्पर्धांपुरतं नाही. जम्मू-काश्मीरचा वेगवान गोलंदाज रसिख सलाम दार मार्च २०१९ मध्ये मुंबई इंडियन्सकडून आयपीएलमध्ये उतरला आणि जूनमध्ये सदोष जन्मदाखला सादर केल्याबद्दल मंडळाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. इंग्लंडला जाणाऱ्या १९ वर्षांखालील संघातली त्याची जागा गेली. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एका खेळाडूच्या बाबतीत मंडळाकडे नोंदवलेला जन्म २००१ सालचा आणि दहावीच्या परीक्षा मंडळाच्या नोंदीतला १९९६ सालचा निघाला. म्हणजे पाच वर्षांहून अधिक अंतर! महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे क्रीडा आयुक्त ओमप्रकाश बकोरिया यांनी मंडळाला पत्र लिहून, नुकत्याच विश्वविजेत्या ठरलेल्या १९ वर्षांखालील संघातल्या एका खेळाडूची जन्मतारीख आठवीच्या प्रवेशावेळी शाळेच्या नोंदीत बदलली गेल्याचा आरोप केला होता. तो खेळाडू त्यानंतर आयपीएलही खेळला, त्यामुळे आरोप म्हणूनच त्याची नोंद इथे करतो. पण आरोपातला एक तपशील माझ्या आजच्या विषयाच्या मुळाशी जातो. तो म्हणजे आठवी इयत्ता. पहिलीत कुणी मुलाचं वय दोन वर्षांनी कमी लावत नाही, कारण तेव्हा तो क्रिकेट खेळणार आहे हे कुणाला ठाऊक असतं? वय कमी होतं ते मुलगा बरा खेळतो असं दिसू लागल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जन्मतारखेच्या खरेखोटेपणाचा सगळ्यात भरवशाचा निकष म्हणजे ती केव्हा लिहिली गेली. खोटं बोलून काही मिळण्यासारखं नव्हतं त्या काळातली नोंद जवळपास नेहमी खरी असते, आणि फायदा दिसू लागल्यानंतरची नोंद, ती कितीही शिक्क्यांची असो, संशयाने पाहावी लागते. आपली व्यवस्था याच्या नेमकी उलट चालते. मूल आठ-नऊ वर्षांचं असताना त्याच्या कागदाकडे कुणी बघत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी, राज्य संघाच्या उंबरठ्यावर, मग सगळी तपासणी सुरू होते. तोवर खोटं मुरलेलं असतं, आणि ते ज्याने केलं तो मोठा माणूस बाजूला राहून शिक्षा पोराला होते.

सुरतेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि मराठी वाचकाने तो खास समजून घ्यावा असा आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मोठी वस्ती आहे. लूम, डाइंग मिल, एम्ब्रॉयडरीची कारखानदारी या आधारावर दोन-तीन पिढ्या इथे रुजल्या. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. पण घराचा एक पाय अजून तापी खोऱ्यातल्या गावात असतो, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. तेव्हा मुलाचा जन्म नंदुरबार, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, लसीकरणाचं कार्ड अर्धं तिकडचं आणि अर्धं इकडचं, शाळेचं जनरल रजिस्टर सुरतेत, आणि मधल्या एखाद्या वर्षी काम सुटलं म्हणून गावच्या शाळेत घातलं असेल तर तिथला आणखी एक दाखला. दोन राज्यं, दोन लिप्या, नावाची दोन स्पेलिंग. त्यात क्रिकेटचे नकाशेही वेगळे. सुरत गुजरात संघटनेत, दीडशे किलोमीटरवरचं वडोदरा बडोद्याच्या वेगळ्या संघटनेत आणि नंदुरबार महाराष्ट्राच्या. अशा मुलाच्या फाइलमध्ये दोन तारखा सापडल्या, तर त्यात चोरी किती आणि कारकुनी किती, हे फक्त त्या तारखांकडे बघून सांगता येत नाही.

शिवाय कागदावरची तारीख म्हणजे खरी तारीख असं मानायची सवयही आपल्याकडे जुनी नाही. मागच्या पिढीतल्या किती मराठी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आठवून पाहा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तिथी आठवायची पण तारीख नाही, मग गुरुजी प्रवेशाच्या नियमात बसेल अशी तारीख लावून टाकायचे. यात लबाडी नव्हती. मूल त्या वर्षी शाळेत बसावं एवढाच हेतू होता, आणि त्यातून कुणी दुसऱ्याचं काही हिरावून घेतलं नव्हतं. पण त्यातून एक समज घराघरांत उतरली, की तारीख ही लावायची गोष्ट आहे. एखाद्या प्रशिक्षकाने बापाला सांगितलं, ‘एक वर्ष कमी लावून घ्या, सगळेच करतात,’ तर बापाला तो गुन्हा वाटत नाही. त्याला ती शाळाप्रवेशासारखीच एक सोय वाटते.

कायद्याने या सोयीला एक दार ठेवलेलं आहे, आणि ते ठेवणं गरजेचंही होतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षभरापर्यंत लेखी परवानगी घेऊन, आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद करता येते. घरी बाळंतपण झालं, नोंद राहून गेली, अशा असंख्य कुटुंबांचा या तरतुदीमुळेच निभाव लागला. पण बारा-तेरा वर्षांनी केलेली विलंबित नोंद आणि जन्मानंतर दहाव्या दिवशी दवाखान्याने पाठवलेल्या खबरीवरून झालेली नोंद, या दोन्हींतून निघणारे दाखले दिसायला सारखेच असतात. फरक असतो तो एका रकान्यात: नोंदणी दिनांक. निवड चाचणीच्या टेबलावर बसलेला माणूस जन्मदिनांक वाचतो, शिक्का पाहतो आणि फाइल पुढे सरकवतो. त्याने जन्मदिनांकाच्या आधी नोंदणीचा दिनांक वाचायला हवा. दोहोंत पंधरा दिवसांचं अंतर असेल तर तो कागद लिहिणाऱ्याला या मुलाच्या क्रिकेटशी काही देणंघेणं नव्हतं. अंतर तेरा वर्षांचं असेल तर विचारायचे प्रश्न तिथून सुरू होतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कागदांच्या भानगडीत पडताच कशाला? हाडं खोटं बोलत नाहीत, बोन टेस्ट करा. मंडळ ती करतंही. पद्धतीचं नाव टॅनर-व्हाइटहाउस, तिची तिसरी आवृत्ती, म्हणून टीडब्ल्यू-थ्री. मुलाचा डावा हात, बोटं किंचित फाकवून, पालथा ठेवतात आणि पंजा-मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात लांब हाडाचा दांडा आणि त्याच्या टोकावरची टोपी यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. वाढ होत जाते तशी ती फट अरुंद होते, मग तुटक होते आणि शेवटी दोन्ही भाग एकजीव होतात. मनगटाजवळची दोन हाडं आणि पंजा-बोटांतली अकरा, अशा तेरा हाडांची अवस्था डॉक्टर एकेक करून ठरवतो, प्रत्येकीला गुण देतो, बेरीज करतो आणि तक्त्यात पाहून हाडांचं वय सांगतो. १६ वर्षांखालील मुलांसाठी साडेसोळाची आणि १५ वर्षांखालील मुलींसाठी पंधराची रेघ धरतात. ही रेघ ओलांडली की मूल त्या गटातून बाद.

या चाचणीने पुष्कळ खोटेपणा रोखला, हे मान्य करायलाच हवं. ती नसती तर परिस्थिती आजच्यापेक्षा वाईट असती. पण ती जे मोजते ते हाडांची पक्वता, जगलेली वर्षं नव्हेत. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात वर्षाचा, क्वचित त्याहून जास्त फरक असणं अगदी नैसर्गिक आहे. चांगलं खाऊनपिऊन लवकर वयात आलेला, कागद शंभर टक्के खरे असलेला मुलगा या रेघेपलीकडे जाऊ शकतो. उलट लहानपणी आबाळ झालेल्या मुलाची हाडं उशिरा पक्व होतात, म्हणून त्याने वय दीड वर्षाने कमी लावलं असलं तरी तो आत राहू शकतो. म्हणजे जो प्रामाणिक तो बाहेर आणि जो अप्रामाणिक तो आत, असा निकाल ही चाचणी देऊ शकते, आणि तोही विज्ञानाच्या शिक्क्याने. मंडळालाही याची जाणीव असावी, कारण आधीच्या हंगामातल्या हाडांच्या वयात सरळ एक मिळवून पुढच्या हंगामाचा निर्णय घेण्याऐवजी, अशा मुलांची दुसऱ्यांदा चाचणी करण्याची सोय २०२५ मध्ये करण्यात आली. याहून मोठी मर्यादा मात्र दूर होण्यासारखी नाही. मुलांच्या बाबतीत या पद्धतीचं मोजमाप साडेसोळापाशी संपतं. हाडं एकदा पूर्ण पक्व झाली की सतरा आणि तेवीस यांतला फरक या तक्त्यातून निघत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचं एमआरआय सुरू केलं, तेही एवढंच सांगतं की हा मुलगा बहुधा सतरापेक्षा मोठा आहे. तेव्हा ज्या १९ वर्षांखालील गटाच्या दारात आयपीएलचे लोक उभे असतात, तिथे शेवटी निवाडा कागदावरच होतो.

आपल्या कायद्यानेही आधी कागद आणि मग हाडं असाच क्रम लावला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे एखादी व्यक्ती बालक आहे का हे ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीच्या मंडळाचा दाखला पाहायचा, तो नसेल तर महापालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. आधार कार्डावरच्या तारखेवर विसंबणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, की ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. मात्र शाळेच्या दाखल्यालाही माझा निकष लावावा लागेल. पहिलीच्या प्रवेशावेळी जनरल रजिस्टरमध्ये झालेली नोंद एका वजनाची, आणि आठवीत शाळा बदलताना झालेली नोंद दुसऱ्या वजनाची.

क्रिकेटच्या पलीकडे पाहिलं तर हाच खेळ सगळ्यात मोठ्या पैशाने बेसबॉलमध्ये खेळला गेला आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताक हा कॅरिबियनमधला छोटासा देश अमेरिकेच्या मेजर लीगला खेळाडू पुरवतो. तिथल्या मुलाशी सोळाव्या वर्षी करार करता येतो, आणि सोळाच्या मुलाला जी रक्कम मिळते ती त्याच कौशल्याच्या एकोणीस-वीसच्या मुलाला मिळत नाही, कारण क्लब पैसे मोजतो ते अजून व्हायच्या वाढीसाठी. त्यामुळे वयाला थेट डॉलरमध्ये किंमत आली. मुलांना लहानपणापासून सांभाळून तयार करणारे आणि करार झाला की त्यातला हिस्सा घेणारे मध्यस्थ तिथे आहेत. त्यांना बुस्कोन म्हणतात. वॉशिंग्टन नॅशनल्सने २००६ मध्ये एस्माइलिन गोन्झालेस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये उघड झालं की त्याचं खरं नाव कार्लोस अल्वारेझ लुगो आणि वय सांगितल्यापेक्षा चार वर्षं जास्त. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला डॅनी अल्मोन्ते हा मुलगा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या जागतिक स्पर्धेत बारा वर्षांचा म्हणून खेळला. फलंदाजांना त्याच्यासमोर उभं राहता येईना. मग डॉमिनिकन नोंदवह्या तपासल्या गेल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा निघाला, जन्म १९८९ चा नसून १९८७ चा. ज्या नोंदीवर तो खेळला ती बरीच नंतर केलेली होती. मुद्दाम लांबून हे उदाहरण आणलं ते पुढच्या निर्णयासाठी. संघाचे विजय रद्द झाले, डॅनीच्या वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर लिटल लीगने आजन्म बंदी घातली, आणि मुलाला मोठ्यांनी वापरून घेतलं असं संघटनेने जाहीरपणे म्हटलं. शिक्षा कुणाला व्हायला हवी हे तिथे कुणालाच शोधावं लागलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे बहुधा तळमळीचे लोक असतात. लूमवर बारा तास उभा राहणारा बाप, दहा बाय दहाची खोली, सरावाला मैदान नाही, बुटांना पैसे नाहीत. अशा घरातल्या मुलाला खेळ सापडायलाच बारावं-तेरावं वर्ष उजाडतं. ज्या मुलाला सातव्या वर्षी अकादमीत घातलं त्याच्या बरोबरीला यायला याने दोन वर्षं उसनी घेतली तर बिघडलं कुठे? हार्दिक पांड्याच्या वडिलांनी सुरतेतला धंदा आवरून मुलांच्या क्रिकेटसाठी वडोदरा गाठलं. सगळ्यांनाच ते कसं जमणार? या प्रश्नातली विषमता खरी आहे. पण वयचोरीने ती विषमता कुणाच्या अंगावर ढकलली जाते ते पाहायला हवं. त्या मुलाने घेतलेली जागा अकादमीवाल्या श्रीमंत मुलाची असेलच असं नाही. वय कमी लावलेल्या मुलापुढे सगळ्यात आधी टिकाव लागत नाही तो खऱ्या वयाच्या, अंगाने बारीक, उशिरा वाढणाऱ्या मुलाचा, आणि तो बहुतेक वेळा त्याच वस्तीतला, त्याच आर्थिक स्थितीतला असतो. दोनदा चाचणीत बाद झाला की घरी त्याला सांगतात, आता कामाला लाग. त्याचं नाव कुठल्याच चौकशीत येत नाही, कारण त्याच्या बाबतीत काही घडलंच नाही, तो फक्त निवडला गेला नाही. राहुल द्रविडने डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीवर कठोर बोलताना नेमकी या मुलाची बाजू मांडली होती: प्रामाणिक आणि अधिक गुणी मुलगा बाहेर पडतो, आणि आत राहिलेला मुलगा आयुष्याच्या सुरुवातीलाच फसवणूक शिकतो.

शिवाय ज्याचं वय कमी लावलं त्याचंही भलं होतं असं नाही. दोन वर्षं लहान मुलांवर ताकदीच्या जोरावर मात केल्याने त्याला तंत्र घडवायची गरजच पडत नाही, आणि वरिष्ठ क्रिकेटमध्ये सगळ्यांची शरीरं सारखी झाल्यावर हातात काही उरत नाही. खेळाच्या इतिहासातही त्यामुळे खोट राहते. शाहिद आफ्रिदीने १९९६ मध्ये नैरोबीत ३७ चेंडूंत शतक ठोकलं तेव्हा तो सोळा वर्षांचा असल्याची नोंद झाली. २०१९ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने आपला जन्म १९७५ चा असल्याचं लिहिलं. शतक खरंच होतं, पण त्याच्यापुढचा ‘सर्वांत लहान’ हा मान आता कुणाचा म्हणायचा? आणि अशी प्रकरणं वाढली की खरोखरच लहान वयात चमकणाऱ्या मुलाकडेही लोक संशयाने पाहतात. वैभव सूर्यवंशीने एप्रिल २०२५ मध्ये गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक केलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या खेळीच्या कौतुकाबरोबर त्याच्या वयाबद्दलच्या शंकाही लगेच फिरू लागल्या.

संशय हे हत्यारही होतं, हा तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन याच्यावर वय कमी दाखवल्याचा गुन्हा दाखल झाला होता. आधीच्या वैद्यकीय तपासण्या आणि सरकारी चौकशा त्याच्या बाजूने असूनही तो पुन्हा उकरला गेला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करेपर्यंत त्याला लढावं लागलं. औरंगाबादच्या अंकित बावणेला २०११ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघाचं कर्णधारपद मिळालं आणि पासपोर्टवरची जन्मतारीख बाकीच्या कागदाशी जुळली नाही म्हणून ते गेलंही. पुढे महाराष्ट्राकडून त्याने वर्षानुवर्षं धावांचे ढीग रचले, पण ती संधी परत आली नाही. कागदातली विसंगती आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरतेतल्या खानदेशी मुलाच्या वाट्याला विसंगती जन्मतःच येते, त्यामुळे नियम जसजसे कडक होतील तसतसा त्याला फटका जास्त बसेल. म्हणूनच तपासणी लवकर व्हायला हवी असं मी म्हणतो. मूल आठ-नऊ वर्षांचं असताना, पहिल्यांदा जिल्हा संघटनेकडे किंवा अकादमीत नाव घालताना, सगळे मूळ कागद एकदाच पाहावेत. गावच्या ग्रामपंचायतीची नोंद, पहिलीचं जनरल रजिस्टर, गुजरातचं ममता कार्ड किंवा महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीची वही. ज्या आरोग्यसेविकेने पोलिओचा डोस दिल्याची तारीख लिहिली तिला या मुलाच्या क्रिकेटची काहीच कल्पना नव्हती. दोन तारखा जुळत नसतील तर त्या वयात दुरुस्ती करून घ्यायला बापाला लाज वाटत नाही आणि अधिकाऱ्यालाही संशय येत नाही. एकदा तारीख नोंदली की मग ती कायमची, पुढे दहावीच्या दाखल्यावर काहीही येवो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला हाच एकमेव पुरावा झाला आहे आणि नोंदी एका राष्ट्रीय साठ्यात जात आहेत. पण ही मुलं चौदा वर्षांखालील संघाच्या दारात यायला अजून दशकभर आहे. मधल्या काळातल्या मुलांचं काम जिल्हा संघटनांनाच करावं लागेल. सुरतसारख्या शहरात तर दोन्ही राज्यांतल्या नोंदी समजणारा, देवनागरी आणि गुजराती दोन्ही वाचणारा एक माणूस त्यासाठी हंगामभर बसवला तरी पुष्कळ काम होईल.

राहिला माफीचा प्रश्न. ऑगस्ट २०२० मध्ये मंडळाने सवलत जाहीर केली होती: ज्यांनी वय खोटं लावलं त्यांनी स्वतःहून कळवावं, बंदी येणार नाही, खऱ्या वयोगटात खेळता येईल, न कळवता सापडले तर दोन वर्षं बाहेर. यावर पुष्कळांनी नाकं मुरडली, कारण फसवणाऱ्याला बक्षीस आणि प्रामाणिक मुलाला काहीच नाही. रागाचं कारण मला समजतं. पण चौदाव्या वर्षी ज्याच्या फाइलमध्ये दुसऱ्याने खोटा कागद लावला, त्याला अठराव्या वर्षी खरं बोलायची एक वाट ठेवली नाही तर तो आयुष्यभर तेच खोटं सांभाळत बसेल. रसिख सलामची बंदी संपली, तो परत आला, आणि २०२५ च्या हंगामासाठी बंगळूरूने त्याच्यावर ६ कोटी रुपये लावले. त्याची गोलंदाजी खऱ्या वयातही विकली गेली. माफी खेळाडूला असावी, त्याच्या फाइलमध्ये खोटा कागद लावणाऱ्या मोठ्यांना नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये जुन्या, २०१० च्या वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहितेच्या जागी जो नवा मसुदा मांडला त्यात सहा महिन्यांची माफी, क्यूआर कोडचं ओळखपत्र, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं आणि दुसऱ्याला आजन्म बंदी अशा तरतुदी होत्या. या तराजूत प्रशिक्षक आणि शाळा किती वजनाने मोजल्या जातात, त्यावर मसुद्याची खरी परीक्षा होईल. ज्या अकादमीतून दुसऱ्यांदा असा मुलगा निघाला तिची संघटनेशी असलेली संलग्नता जायला हवी. ज्या शाळेने जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तिचा संघ पुढची काही वर्षं आंतरशालेय स्पर्धेत नसावा.

आणि बक्षीसही लहान करावं लागेल. २०१६ मध्ये मंडळाने ठरवलं की एका खेळाडूला १९ वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळता येईल, वय बसत असलं तरी दुसऱ्यांदा नाही. वयोगटात रेंगाळण्याचा फायदा त्यामुळे कमी झाला. हाच विचार खाली, जिल्ह्याच्या पातळीवर, अजून उतरलेला नाही. तिथे प्रशिक्षकाची नेमणूक, अकादमीची जाहिरात आणि शाळेच्या फलकावरचं नाव आजही चौदा वर्षांखालील करंडक कुणी जिंकला यावर ठरतं. ज्या प्रशिक्षकाची नोकरी या हंगामातल्या विजयावर आहे, त्याच्यासमोर साडेपंधराचा तगडा मुलगा आणि साडेतेराचा हुशार मुलगा उभे राहिले तर तो कुणाला घेईल? त्याची पारख त्याच्या मुलांपैकी किती जण विसाव्या वर्षी अजून खेळतायत यावरून होऊ लागली, तर पहिल्याच दिवशी तो स्वतःच नोंदणीचा दिनांक तपासून पाहील. प्रशिक्षकांच्या नेमणुका, त्यांचं मानधन आणि अकादम्यांची फी या सगळ्याचा हिशेब पुढच्या लेखांकात मांडू.